समन्यायी हवामान आराखडा: नूतन अधिकाऱ्यांस सप्रेम सूचना

महापालिकेच्या पर्यावरण कक्षाच्या प्रमुखपदी आपली नियुक्ती झाली, याबद्दल प्रथम अभिनंदन. कालपर्यंत आपण मालमत्ता कर विभागात होतात आणि झाडांशी आपला संबंध गाडी सावलीत लावण्यापुरताच होता, हे मनाला लावून घेऊ नये. आराखडा सल्लागार लिहितो. तो न्याय्य आहे, एवढेच आपल्याला म्हणायचे असते. मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये आपला आराखडा जाहीर करताना निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी, म्हणजे जितका कर्बवायू सोडला तितकाच शोषला जावा यासाठी, २०५० हे साल धरले. आपणही तेच धरावे, कारण तोवर आपले निवृत्तिवेतन सुरू होऊन बरीच वर्षे झालेली असतील.

'न्याय्य' हा शब्द मुखपृष्ठावर आणि प्रस्तावनेत सढळ हाताने वापरावा. नकाशावर मात्र तो उतरणार नाही याची काळजी घ्यावी.

नकाशा म्हणजे मुख्यतः पूररेषा. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती लाल, असे जलसंपदा विभाग सांगतो. निळीच्या आत निषिद्ध क्षेत्र, दोहोंच्या मध्ये नियंत्रित क्षेत्र. या रेषा फार कडक असतात असा नवख्यांचा समज असतो. प्रत्यक्षात त्या कोणाच्या दारावरून जातात, यावर त्यांचा कडकपणा ठरतो. निळ्या रेषेच्या आत पत्र्याची घरे सापडली, तर टिपणीत 'जीवितास गंभीर धोका' असे लिहावे आणि घरे भर पावसाळ्यात हलवावीत. त्याच रेषेच्या आत दहा मजली संकुल सापडले, तर रेषेचे फेरसर्वेक्षण मागवावे. पाणी पत्र्याच्या घरात शिरले की ते अतिक्रमणाचे फळ असते, आणि संकुलाच्या तळघरातल्या वाहनतळात शिरले की नैसर्गिक आपत्ती. पहिल्याला नोटीस, दुसऱ्याला महापालिकेच्या खर्चाने सीमाभिंत.

वाराचेही भान ठेवावे. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, माणसे गेली, आणि पुढे २४ जून २०२१ रोजी ओढ्याकाठची घरे पाडायला यंत्रे आली. तो गुरुवार होता. न्यायालय उघडे असल्याने त्याच दिवशी स्थगिती मिळाली. सुज्ञास अधिक सांगणे न लगे. शनिवार बरा असतो.

पुनर्वसन अशा जागी करावे की जिथे दुसरे कोणी राहायला मागणार नाही, म्हणजे वाद उद्भवत नाहीत. मुंबईत तानसा जलवाहिनीच्या कडेची कुटुंबे माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी नेऊन ठेवली होती. तिथली हवा अशी निघाली की उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यांना दरमहा १५,००० रुपये भाडे देण्यास सांगितले. पण असे न्यायालयापर्यंत पोहोचायला वर्षे लागतात, आणि आपली बदली तीन वर्षांनी होते.

आता वृक्ष. १९७५ च्या कायद्याने झाड तोडण्याआधी सूचना लावून हरकती मागवाव्या लागतात. ही सूचना झाडालाच डकवायची असते, पण झाडाच्या कोणत्या बाजूला, हा प्रश्न आपल्या कल्पकतेवर सोडलेला आहे. मी पाहिलेली सर्वांत यशस्वी सूचना बसथांब्यामागच्या एका वडावर, भिंतीकडच्या अंगाला, पारंब्यांच्या आत खिळ्याने ठोकलेली होती. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी शिरून शाई खाली उतरली होती आणि वाचता येत होते ते फक्त 'मा. आयुक्तांच्या आदेशान्वये'. त्या वडाखाली एक चांभार आणि एक रसवंतीवाला बसत असे. त्यांची हरकत आली नाही, याची नोंद 'नागरिकांचा विरोध नाही' अशी झाली.

२०२१ च्या दुरुस्तीने थोडी पंचाईत केली आहे. तोडलेल्या झाडाचे जितके वय, तितकी रोपे लावायची, आणि पन्नाशी गाठलेले झाड 'प्राचीन वृक्ष' ठरायचे. म्हणून आपल्या हद्दीतील कोणत्याही झाडाला एकोणपन्नासाव्या वर्षापुढे जाऊ देऊ नये. वडाच्या आजूबाजूची म्हातारी माणसे काहीही सांगोत; जन्माचा दाखला वडाकडे नसतो. रोपे शहराबाहेरच्या टेकडीवर लावावीत. सावली तिकडे गेली तरी चांभाराला तिथपर्यंत बस आहेच, असे म्हणता येते.

उष्णतेच्या लाटेचे काम सोपे आहे. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंशांवर गेल्याखेरीज हवामान विभाग लाटेचा विचारही करत नाही, आणि त्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत असतो. पत्र्याखाली झोपणाऱ्या बाईने आपल्या घरात अशी पेटी बसवावी, असे आवाहन करावे.

लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे आपल्या हद्दीतील झाडे-प्राण्यांची नोंद, शेजारच्या पालिकेची उतरवून घेतली तरी चालते. वाघ तेवढा वगळावा.

शेवटी जनसुनावणी. ती कामाच्या दिवशी सकाळी अकराला, मुख्यालयाच्या चौथ्या मजल्यावर ठेवावी. सादरीकरण इंग्रजीत असावे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि तिथे सर्वसहमतीशिवाय निर्णय होत नाही, असले दाखले कोणी काढू लागल्यास 'शहराची परिस्थिती वेगळी आहे' असे म्हणून पुढच्या चित्राकडे वळावे. इतके करूनही रोजंदारी बुडवून एखादी बाई येते आणि विचारते, "साहेब, आमचं घर रेषेत आलं, मग समोरची इमारत कशी नाही आली? पाणी तर दोन्हीकडं चढलं होतं." अशा वेळी रागवू नये. त्यांना बसायला सांगावे, पाण्याची बाटली द्यावी, आणि इतिवृत्तात लिहावे: 'महिला प्रतिनिधींनी नकाशाबाबत आस्था दर्शवली.'