आधी पट्टी, मग आशय

शाळेतल्या समूहगीतावरच्या एका लेखात गाणं आधी आशयावरून निवडा, पट्टी (गाण्याचा मूळ सूर, म्हणजे ‘सा’ची उंची) मग बघा, असं म्हटलंय; सातवी-आठवीसाठी मला हा क्रम उलटा वाटतो. या वयात मुलांचा आवाज फुटत असतो. काळी चारमध्ये (पेटीवरची चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून) तार गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या ‘सा’च्याही पुढच्या ‘ग’पर्यंत, जाणारी चाल मुली सहज म्हणतात, मुलांचा आवाज चिरकतो. पट्टी उतरवली की मुलींचे मंद्र, म्हणजे खालचे सूर ऐकूच येत नाहीत. पूर्ण फुटलेला आवाज सप्तकभर (एका ‘सा’पासून पुढच्या ‘सा’पर्यंतचं अंतर) खाली गाईल. अर्धवट फुटलेल्याला वरही जमत नाही आणि खालीही. त्यांच्यासाठी मध्य सा ते प एवढ्यात बसणारी वेगळी ओळ रचता येईल असंच गाणं घ्या, निदान ध्रुवपदात तरी. निवडीआधी प्रत्येकाकडून एकेकटं गाऊन घ्या, घोळक्यात काहीच कळत नाही. आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तपासा, तोवर आवाज आणखी उतरलेला असू शकतो.