कागद आहेत, वाचणारे कुठायत?

२०२४ मध्ये लंडनच्या म्युझियममधून वाघनखं तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात, आधी साताऱ्यात, आली तेव्हा आमच्या शाळेच्या ग्रुपवर महिनाभर रान पेटलेलं, खरी की खोटी, खर्च किती, श्रेय कुणाचं वगैरे. मी विचारलं की पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे कोट्यवधी मोडी कागद रुमालात बांधून ठेवलेत, त्यासाठी कोण भांडतंय? एकाने अंगठा दिला, दुसऱ्याने लिहिलं की बाबा तिकडे बसून बोलायला काय जातंय, इथे शाळांना पैसे नाहीत. मुद्दा चुकीचा नाही. पण उत्तर देणं भाग आहे.

मी राहतो इंग्लंडात, आणि हौस म्हणून लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये जाऊन बसतो. कार्ड फुकट मिळतं, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा दाखवायचा बस्स, कुणाचं शिफारसपत्र लागत नाही. बॅग-जॅकेट लॉकरमध्ये, आत फक्त पेन्सिल, जुनं पुस्तक उघडून ठेवायला फोमचे उतरते ठोकळे आणि पान उलटू नये म्हणून वर ठेवायला वजनदार मण्यांची माळ. शेजारच्या टेबलावर प्रोफेसर क्वचितच, बहुतेक रिटायर्ड काका-काकू, आपले आजोबा-पणजोबा पहिल्या महायुद्धात कुठल्या पलटणीत होते ते शोधत बसलेले. आपल्याकडे अशा ऑफिसात शिरायचं म्हणजे संशोधकच असावं लागतं अशी समजूत आहे आणि ती मोडायचा कुणी फारसा प्रयत्नही करत नाही.

इथलं सगळं गोड आहे असं नाही हं. खर्चकपातीत क्यूचा सोमवार गेला तो गेलाच, १९२१ची जनगणना ऑनलाइन बघायची तर खाजगी वेबसाइटला पैसे मोजावे लागले, आणि वसाहतींमधून उचलून आणलेल्या हजारो फाइली सरकारने अशा दडवलेल्या की केनियात इंग्रजांविरुद्ध बंड केलेल्या माऊ माऊ लोकांनी कोर्टात खेचल्यावर २०११ मध्ये कुठे बाहेर आल्या. सगळ्यात वाईट म्हणजे विंडरशचं प्रकरण. कॅरिबियन बेटांवरून १९४८ नंतर कायदेशीर आलेल्या लोकांना, म्हणजे ज्यांची अख्खी हयात इथे गेली त्यांना, एक दिवस सांगितलं की पुरावा दाखवा, आणि त्यांच्यातल्या कित्येकांची बोटीतून इथे उतरल्याची नोंद असलेली कार्डं होम ऑफिसने, म्हणजे इथल्या गृहखात्याने, २०१० मध्ये नष्ट करून टाकलेली. नोकऱ्या गेल्या, उपचार अडले, काहींना देशाबाहेर काढलं. जुना कागद म्हणजे इतिहासाचा शौक हा समज माझ्या डोक्यातून तिथे कायमचा गेला.

आणि हे आपल्याकडेही झालंच की. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली आणि तालुक्या-तालुक्यात रेकॉर्ड रूम उघडल्या, कोतवाल बुकं (गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवह्या), शाळांची रजिस्टरं, मोडीतले उतारे बाहेर निघाले आणि एकदम सगळ्यांना कळलं की हे वाचणारे लोक बोटावर मोजण्याइतके आहेत. आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, त्याबद्दल मी बोलत नाहीये, पण एरवी दफ्तरात ढुंकून न बघणारा माणूस तेव्हा तहसीलच्या दारात उभा होता. दफ्तराला गिऱ्हाईक नाही असं कोण म्हणतं?

आता होतं काय की निधी आला की स्कॅनिंगचं टेंडर निघतं. स्कॅनिंग हवंच, केंद्राच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची अभिलेख पटल ही वेबसाइट २०१५ पासून चालू आहे, घरबसल्या फाइली बघता येतात, चांगलंच आहे. पण मोडीचा रुमाल स्कॅन केला आणि आत कुठल्या गावाचा, कुठल्या सालचा, कशाचा कागद आहे याची सूचीच नसेल तर आधी कपाटात न सापडणारा कागद आता कॉम्प्युटरात सापडत नाही, एवढाच फरक. रियासतकार सरदेसाईंनी १९३० ते ३४ मध्ये पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले, त्यावर आपण आजही जगतोय, आणि तो सुद्धा एकूण ढिगातला किरकोळ हिस्सा. बाकीच्यात लढाया कमी आणि शेतसारा, वतनाचे तंटे, देवस्थानचा खर्च, कुणाच्या विहिरीचा वाद हेच जास्त, म्हणजे तुमच्या-माझ्या गावाचंच.

डच लोकांनी त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीची लाखो जुनी पानं कॉम्प्युटरकडून वाचून घेतली, पण त्याआधी मशीनला शिकवायला माणसांनी हजारो पानं हाताने उतरवून दिली. मोडीचंही तसंच करावं लागणार. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, हौशी लोक उत्साहाने शिकतात, सर्टिफिकेट घेतात आणि घरी जातात कारण पुढे त्यांना द्यायला कामच नाही. त्यांना स्कॅन केलेली पानं द्या, उतरवलेल्या पानामागे मानधन द्या, तपासायला कायमचे मोडी वाचक नेमा, आणि जिल्ह्याच्या गावी वर्षातून एकदा तरी दफ्तर उघडून लोकांना त्यांच्याच गावचा कागद दाखवा. शाळांना पैसे नाहीत म्हणणाऱ्या माझ्या मित्राच्या गावचाही एखादा असेलच त्यात, तो बघितला की पुढच्या बजेटला तोच आमदाराला फोन करेल, मला इथून मेसेज टाकत बसावं लागणार नाही.