विध्यर्थाचे सहा रुपये

परवा एका अनोळखी माणसानं माझ्या स्पॅनिशच्या गृहपाठावर चहा सांडला आणि तो टिपून झाल्यावर त्याच गृहपाठावर लाल पेनानं बरोबर-चूक केलं. चाळिशी ओलांडलेल्या, दोन पोरांच्या बापाला भर दुकानात वीसपैकी अकरा मार्क दिले. त्यातला एक 'अक्षर बरं आहे' म्हणून.

मी स्पॅनिश का शिकतो, तर टॉवेलच्या कारखान्यात एक्स्पोर्टची कागदपत्रं बघतो, चिलीचं एक गिऱ्हाईक लागलं आणि साहेब म्हणाले, बघा जरा. एवढंच. चौदा महिने झाले. रोज सकाळी फोनमधल्या भाषा शिकवणाऱ्या अ‍ॅपचं हिरवं घुबड मला धडा देतं. आईचं म्हणणं, सकाळी सकाळी घुबडाचं तोंड बघितल्यावर दिवस कसा जाणार. तसाच जातो.

आता मी बी वनला आहे. युरोपवाल्यांनी भाषेच्या सहा पायऱ्या केल्यात, त्यातली ही तिसरी. ए वनला माणूस 'माझं नाव अमुक, मला संत्रं आवडतं' म्हणतो आणि सगळे कौतुक करतात. सी वनला तो वाद घालू शकतो. बी वनला तो नुसता चुकू शकतो, पण लांबलचक वाक्यांत. एक ना धड, भाराभर चिंध्या. सोलापूरच्या माणसाला चिंध्यांची लाज नाही म्हणा, इथं त्या किलोवर विकल्या जातात.

खरं तर ए वनला आपण मराठी लोक फार भाव खातो. इंग्रजीवाला 'आय लाइक'मध्ये अडकलेला असतो, त्याला 'मे गुस्ता' पचवायला आठवडा लागतो. आपण 'मला आवडतं' म्हणतो, तेच मे गुस्ता. 'मी' नाही, कसरत नाही. मग बी वनला सबजंक्टिव्ह येतो आणि हवा जाते. खात्रीची गोष्ट असेल तर क्रियापदाचं एक रूप. इच्छा, शंका, आशा, भीती असेल तर दुसरं. बेनीर म्हणजे येणे. तो येतो, बिएने. आणि इच्छा असली की बेंगा. माझं पुस्तक इंग्रजीत आहे. इंग्रजीत 'आय वॉन्ट यू टू कम' म्हटलं तर त्या 'कम'च्या अंगावर काही फरक दिसतच नाही, म्हणून पुस्तकवाल्यानं धड्याची सुरुवातच 'घाबरू नका' अशी केलीय. डॉक्टर 'घाबरू नका' म्हणाले की आपण काय करतो? तेच मी तीन आठवडे करत होतो.

तर सोडवलेला गृहपाठ स्कॅन करून स्पॅनिशच्या क्लासच्या बाईंना पाठवायचा होता. माझ्या फोनच्या कॅमेऱ्याला मोतीबिंदू झालाय, कारण फोन पडला. पोरानं पाडला असं मी म्हणतो, पडला असं पोरगं म्हणतं. म्हणून सात रस्त्याजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो. नोव्हेंबर होता, म्हणजे पेन्शनरांचा हंगाम. काउंटरवरचा पोरगा विशीतला. फोनवर घरच्यांशी तेलुगू, अक्कलकोटच्या एका बाईंशी कानडी, मशीनला हिंदीत शिव्या आणि माझ्याशी, "थांबा की ओ काका, मशीन गरम होऊलालंय." चार भाषा, एकीचंही सर्टिफिकेट नाही. आणि मी चौदा महिन्यांत एकीच्या तिसऱ्या पायरीवर उकिडवा बसलेलो.

(हे 'होऊलालंय' ऐकून माझा पुण्याचा मावसभाऊ हसतो. त्याला काय माहीत, घुबडाच्या धड्यात 'एस्तोय कोमिएंदो' आलं तेव्हा मी मनात 'जेवूलालोय' म्हणालो आणि एका फटक्यात पास झालो. ते जाऊ दे.)

माझ्या शेजारी एक गृहस्थ उभे. पंच्याहत्तरीचे असतील. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एका हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत हयातीच्या दाखल्याची कागदं, दुसऱ्या हातात टपरीवरच्या चहाचा कागदी कप. मी गृहपाठ काउंटरवर ठेवला आणि कप कलंडला.

"सांडला," ते म्हणाले. माझ्याकडे बघून नाही, कागदाकडे बघून. मग थोडं सविस्तर, "हातून सांडला."

सॉरी नाही, अरेरे नाही. चहा होता, तो सांडला, हात नेमका तिथं होता. मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण चहा ज्या प्रश्नावरून ओघळत होता तो विसावा प्रश्न हाच होता. स्पॅनिश माणूस 'मी कप पाडला' सहसा म्हणत नाही. तो म्हणतो 'से मे कायो ला तासा'. कप आपला आपण पडला, मला पडला. विसरलं तरी तसंच, 'से मे ओल्बिदो', मला विसर पडला. फुटणं, हरवणं, संपणं, सगळं आपोआप होतं, माणूस नुसता शेजारी उभा असतो. पुस्तकानं यावर दोन पानं खर्च केलीत आणि मी ती पाठ केली होती. समोर साक्षात उदाहरण उभं होतं, आणि माझ्या घरात फोन पडल्याचं दुसरं. मला हसू आलं.

ते हसू म्हणजे परवानगी, असा त्यांनी अर्थ घेतला.

"काय हे, फ्रेंच?" रुमालानं कागद टिपत त्यांनी विचारलं.

"स्पॅनिश."

"कशाला?"

"टॉवेल विकायला."

"टॉवेल मराठीतही विकतात." मग चष्मा लावून, "हे प्रश्नचिन्ह उलटं छापलंय."

मी सांगितलं, तिकडं तसंच असतं. वाक्याच्या सुरुवातीला उलटं, शेवटी सुलटं. त्यांच्या अकादमीनं 1754 मध्ये ठरवलंय.

"म्हणजे प्रश्न येतोय हे आधीच कळतं?"

"हो."

"पोरांना बाकाखाली जायला वेळ मिळत असेल."

इथं मला कळायला हवं होतं की हे शिक्षक. तोवर लाल पेन बाहेर आलं होतं.

"पहिलं वाक्य. अर्थ सांगा."

"त्यानं यावं अशी माझी इच्छा आहे."

"'यावं' कोणता अर्थ?"

मी गप्प. अक्कलकोटच्या बाई वळून बघायला लागल्या.

"स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ," ते काउंटरवर बोट आपटत म्हणाले. "सातवीत असतं. कुठल्या शाळेत होता?"

मी शाळेचं नाव सांगितलं. "हां," ते म्हणाले. एवढंच. त्या 'हां'चा मला आजही राग आहे. आमच्या शाळेत व्याकरण चांगलं शिकवायचे, मीच खिडकीतून बाहेर बघायचो.

"विध्यर्थ. इच्छा, कर्तव्य, शक्यता, योग्यता. तुमच्या त्या भाषेत विध्यर्थाला काय करतात?"

"स्वरांची अदलाबदल. हाब्लार म्हणजे बोलणे, त्यात 'आ' आहे, तर 'ए' लावून हाब्ले. कोमेर म्हणजे खाणे, त्यात 'ए' आहे, तर 'आ' लावून कोमा."

"आणि येणे?"

"बेंगा."

"मग इथं 'बिएने' कशाला बसलाय?"

लाल फुली. जोरात, कागद ओला असल्यामुळं थोडा फाटलाही. आणि मला घाम फुटला, पण तो फुलीमुळं नाही. तीन आठवडे ज्या राक्षसाला मी इंग्रजीच्या खिडकीतून बघून घाबरत होतो, तो आमच्याच घरात पाटावर बसून जेवत होता. यावं, बसावं, पडावं, मिळावं. आई दिवसातून चाळीस वेळा वापरते. सहा हजार फी भरून, इंग्रजीला वळसा घालून मी माझ्याच स्वयंपाकघराच्या मागच्या दारात पोचलो होतो, आणि दार उघडलं कुणी, तर ज्यानं चहा सांडला त्यानं. आपल्याकडं परकी भाषा शिकायची तर आधी इंग्रजीच्या ओसरीवर चपला काढायच्या, हे कुणी ठरवलं? मला खरंच चीड आली. पण चीड यायला निवांतपणा लागतो आणि सर पाचव्या प्रश्नावर पोचले होते.

तिसऱ्या चुकीला मी 'तुम्ही'चा 'तू' झालो होतो. स्पॅनिशमध्ये उस्तेदचा तू व्हायला ओळख वाढावी लागते. इथं मार्क कमी झाले की पुरतं.

"ओहाला के युएबा," मी वाचलं. "पाऊस पडावा, देवा."

"विध्यर्थ!" हे सर नाही, मागं उभा असलेला रिक्षावाला म्हणाला. सरांनी मान डोलावली. मी उत्साहानं सांगितलं की 'ओहाला' अरबीतून आलाय, त्यात अल्ला आहे, स्पेनमध्ये 711 पासून 1492 पर्यंत मुस्लिम राज्यं होती. "म्हंजे इन्शाल्लाच की ओ," रिक्षावाला म्हणाला. माझ्या पुस्तकात याला अर्धं पान लागलं होतं.

"कोटणीस 1938 ला चीनला गेले," सर अचानक म्हणाले. "आपल्या सोलापूरचे. लढाईत जखमी माणसं तपासता तपासता चिनी शिकले. तुझ्याकडं लढाई नाही, काही नाही, तरी आठ चुका." यावर काय बोलणार?

मग बारावा प्रश्न आला आणि माझी बाजू वर आली. वाक्यात गाडी होती, पण सगळे ऐकत होते म्हणून मी पाणी घातलं. "क्वांदो बेंगा एल आग्वा. पाणी येईल तेव्हा. पाणी अजून आलेलं नाही, म्हणून हे लोक तिथं खात्रीचं रूप वापरूच देत नाहीत. बेंगाच म्हणावं लागतं."

दुकान क्षणभर गप्प झालं.

"बरोबर हाय की," अक्कलकोटच्या बाई म्हणाल्या. त्यांची लेक जुळे सोलापुरात दिली आहे. "तिच्याकडं आज पाचवा दिस."

मग कुणाला व्याकरण आठवतंय! कुणाकडं चौथा दिवस, कुणाकडं पाचवा, कुणाकडं रात्री अडीचला येतं आणि सव्वातीनला जातं. उजनी धरण भरलं की पेपरात फोटो येतो आणि आम्ही तो फोटो कोरड्या बादलीशेजारी बसून बघतो. माझ्या घरात लग्नाची तारीख, पाहुणे, पोरांचे केस धुणं, सगळं पाण्याच्या दिवसावर ठरतं. बायको कॅलेंडरवर निळा टिंब करते आणि पुढं प्रश्नचिन्ह. तिनं ते उलटं करून आधी काढलं तरी चालेल, असं मला वाटून गेलं. हसण्यावारी नेतोय, पण रात्री अडीचला मोटार लावताना हसू येत नाही.

सर मात्र हलले नाहीत. "'येईल' हा भविष्यकाळ. स्वार्थ. विध्यर्थ नव्हे. चूक."

"सर, हे बरोबर आहे."

"तू मला शिकवणार?"

फुली. अशा त्यांनी माझी तीन बरोबर उत्तरं मारली, कारण सबजंक्टिव्ह आणि विध्यर्थ सगळीकडं जुळत नाहीत. मावसभाऊ असतात तसे, नाक सारखं, चाल वेगळी. हे मी सांगायला गेलो आणि नको तो प्रश्न उदाहरणाला घेतला.

"हे बघा ना सर. 'मे आलेग्रो दे के एस्ते बीबो.' तुम्ही जिवंत आहात याचा मला आनंद आहे. आता यात शंका नाही, इच्छा नाही, तुम्ही आहातच. तरी सबजंक्टिव्ह. आनंद म्हटलं की लागतोच."

सरांनी चष्मा काढला.

"मी जिवंत आहे ना?"

"हो सर."

"हा दाखला आहे?"

"हो."

"मग तिथं शंकेचं रूप कशाला?" पिशवी त्यांनी काउंटरवर ठेवली. "दरवर्षी नोव्हेंबरात मी जाऊन सांगतो की मी आहे. तिथला पोरगा माझ्याकडं बघत नाही, कागदाकडं बघतो. अंगठा मशीनवर उमटत नाही, रेषा झिजल्यात. चाळीस वर्षं खडू धरला. तीनदा पुसून लावायला लावतो. आता तुझे स्पेनवाले पण?"

कुणी हसलं नाही. मी वातावरण हलकं करायला म्हणालो की स्पॅनिशमध्ये 'एस्तोय बीबो' म्हणजे मी जिवंत आहे, पण तेच 'सोय बीबो' म्हटलं तर मी चलाख आहे. आणि मेलेल्यालाही ते 'एस्तार'च लावतात, दार उघडं आहे, चहा गार आहे, त्याच रांगेत.

"चहा," सर म्हणाले, "गार झाला नाही. सांडला." आणि पेन खिशाला लावलं. खाली लिहिलं अकरा, त्याखाली रेघ, त्याखाली सही.

पोरानं हिशोब केला. माझे चार कागद आठ रुपये, सरांचे तीन कागद सहा. सरांनी पाचशेची नोट काढली. पोरगा म्हणाला, सुट्टे नाहीत ओ सर. "मग ह्याच्यात धर," सर माझ्याकडं बोट करून म्हणाले आणि सात रस्त्याच्या गर्दीत रस्ता ओलांडून गेले. मागं वळून न बघता, सिग्नलही न बघता.

बाईंनी चहाचा डाग आणि लाल फुल्या बघून विचारलं, हे कुणी तपासलं. मी म्हणालो, से मे कायो. त्यांनी तीन मार्क परत दिले. अक्षराचा काढून घेतला, स्पॅनिशमध्ये तो धरत नाहीत म्हणे. तेरा झाले.

तो कागद घेऊन मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम दुकानात गेलो. पोरगा म्हणाला, सर आता पुढच्या नोव्हेंबरातच. क्वांदो बेंगा. कागद घडी घालून पाकिटात ठेवलाय. तीन मार्क दाखवायचेत आणि सहा रुपये मागायचेत.