हौस माझी, पैसे तुमचे

"ताई, पोहायची हौस तुमची, मग पैसे आम्ही का द्यायचे?" समुद्रात पोहून शेततळ्यांवरच्या दोरांसाठी पैसे मागितले, त्या माझ्या कालच्या पोस्टखाली आलेली ही कमेंट. सोबत जोडलेले हात. त्यावर दोघांनी हसूनही ठेवलंय, पैकी एक माझा सख्खा आतेभाऊ. तुला दिवाळीत बघते.

सकाळपासून उत्तर लिहितेय नि पुसतेय. आता लांबच लिहिते.

मी सात वर्षांची असताना आमच्या मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकले. दादांनी पाठीला हवाबंद डबा बांधला आणि दिलं ढकलून. झालं शिक्षण! शेजारची बेबी माझे कोरडे कपडे मांडीवर घेऊन पायरीवर बसायची आणि माझ्या फेऱ्या मोजायची. तिला आजी पाण्यात उतरू द्यायची नाही. पोरीच्या जातीला काय करायचंय पोहून! पण मोजायला बेबी पक्की. मी अर्ध्यातनं वळले की वरनं ओरडायची, "ही धरायची न्हाई, काठाला हात लावला न्हाईस!"

अकराव्या वर्षी त्याच पायरीवरनं, कळशी भरताना, तिचा पाय सरकला. मी शाळेत होते.

तर, हौस.

आम्ही चौघी पन्नाशी ओलांडलेल्या बायका रायगडातल्या धरमतरपासून मुंबईच्या गेटवेपर्यंत समुद्रातलं ३६ किलोमीटर रिलेनं पोहणार आहोत. पाळीपाळीनं एकेक तास. बोट, खाणंपिणं, सगळा खर्च पदरचा. तुमचा एक रुपया त्यात जाणार नाही, हे कालच्या पोस्टमध्ये तिसऱ्याच ओळीत लिहिलं होतं. वाचायचे कष्ट कोण घेतो! अंगाला जेलीफिश चाटून जाते, गेटवे जवळ आलं की तोंडात डिझेलचा वास आणि हाताला प्लास्टिकच्या पिशव्या. हौसच म्हणायची तर महाबळेश्वरला गेले असते.

पैसे हवेत ते शेततळ्यांसाठी. आमच्या सांगलीतल्या जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे द्राक्षबागांमधून फिरा, जागोजागी तळी दिसतील. २०१६ ला सरकारचं 'मागेल त्याला शेततळे' आलं, पाणी आलं, चांगलंच झालं. दुष्काळ आम्हीही बघितलाय. पण त्या तळ्याला आतून सगळीकडून प्लास्टिकचा कागद असतो आणि वर शेवाळ. विहिरीला निदान पायरी असते, कपारीत बोट तरी अडकतं. इथं आत गेलेला धडधाकट माणूससुद्धा घसरून परत आत जातो, पोराची काय कथा. म्हणून दर तळ्यावर गाठी मारलेला दोर आणि फुगवलेल्या दोन ट्यूबा. आणि मे महिन्यात गावातल्या मुलींना शिकवायला एक बाई. बाईच पाहिजे, नाहीतर आज्या पाठवत नाहीत. आज्या अजून आहेत!

हां, आता तुम्ही म्हणाल, दोरासाठी समुद्रात कशाला उडी मारायची, नुसते मागा. मान्य. मागितले होते. गेल्या वर्षी नुसते मागितले तेव्हा घरातलीच माणसं धरून नऊ जणांनी दिले. पाण्यात उतरते म्हटल्यावर लोक वळून बघतात, मग मी उतरते.

आणि कुणीतरी वर 'श्रीमंतांचे खेळ' असंही म्हटलंय. आमच्या वाळवा तालुक्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर क्लबात जाऊन पोहायला लागले नव्हते हो. १९६५ च्या लढाईत गोळ्या लागल्या, त्यानंतर ते पाण्यात उतरले. १९७२ ला हायडेलबर्गला ५० मीटरमध्ये सोनं आणलं, पॅरालिम्पिकमधलं देशाचं पहिलं. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं, ते सोडा. त्यावर लिहायला बसले तर रात्र जाईल.

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. कमेंट करणाऱ्या भावाला मी ओळखतही नाही, त्याला बेबी कुठून माहीत असणार? मी कुणाला सांगितलंच नव्हतं. आमच्या ह्यांनाही आत्ता, हे वाचून कळेल.

समुद्रात फेऱ्या नसतात, हात लावायला काठही नसतो. तरी मी मोजते. हात मोजते, शंभर झाले की परत एक. मध्येच कंटाळून चुकवला तर वरनं आवाज येतो, ही धरायची न्हाई.

खात्याचा तपशील पहिल्या कमेंटमध्ये आहे. द्यायचे नसतील तर राहू दे, खरंच. गावाकडं कुणाची भाची-पुतणी असेल तर तिला मे महिन्यात आमच्याकडं धाडा. राहायची सोय आहे. दादांचा डबाही आहे, अजून पाणी शिरत नाही त्यात.