"एक क्लिक, अचूक पंपिंग": हृदयाच्या एमआरआयबद्दलच्या दाव्याला उत्तर

हृदयाच्या एमआरआयबद्दल एक दावा सध्या खूप फॉरवर्ड होतोय. त्याचा सारांश असा: सॉफ्टवेअर एका क्लिकमध्ये इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे ईएफ (हृदयाच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के एका ठोक्यात बाहेर पडतं तो आकडा) काढतं, डॉक्टरने त्यात हात घातला की आकडा बिघडतो, ईएफ बरोबर आला की बाकी सगळंही बरोबर. यातला एकही मुद्दा टिकत नाही, आणि या आकड्यावर औषधं ठरतात, म्हणून सविस्तर लिहितो आहोत.

"एका क्लिकमध्ये होतं." क्लिकच्या आधीच बरंच काही ठरून गेलेलं असतं. ईसीजी जोडून आणि श्वास रोखायला लावून डाव्या जवनिकेचे (शरीराकडे रक्त ढकलणाऱ्या खालच्या कप्प्याचे) झडपेपासून टोकापर्यंत आडवे काप घेतात. साधारण 8 मिमी जाडीचा काप, मग 2 मिमी मोकळी जागा, आणि प्रत्येक कापाच्या एका ठोक्यातल्या 25-30 फ्रेम. सॉफ्टवेअर आतली कडा आखतं, क्षेत्रफळाला 10 मिमीने गुणतं आणि बेरीज करतं. रुग्णाने एका कापाला श्वास पूर्ण सोडून रोखला आणि पुढच्याला अर्धवट, तर हृदय मधल्यामध्ये सरकतं. मग काही भाग दोनदा मोजला जातो, काही सुटतो. कंटूर, म्हणजे आखलेली कडा, कितीही सुबक असला तरी ही चूक त्याने भरून निघत नाही.

"डॉक्टरने हात घातला की बिघडतं." इथे दावा अगदी उलटा आहे. मधल्या कापांत सॉफ्टवेअर खरोखर चांगलं काम करतं. 150 रुग्णांच्या चित्रांवर झालेल्या 2017च्या एसीडीसी या हृदयाच्या एमआरआयची स्वयंचलित मोजणी करणाऱ्या पद्धतींच्या स्पर्धेत उत्तम पद्धती तज्ज्ञांच्या अगदी जवळ पोचल्या होत्या. चुका उरल्या त्या मुख्यतः टोकाला आणि झडपेजवळ. टोकाची चूक लहान, कारण तिथे क्षेत्रफळच कमी. झडपेजवळची महागात पडते. हृदय आकुंचन पावताना मायट्रल झडपेचा कडा सेंटीमीटरभर टोकाकडे सरकतो. म्हणजे शिथिल अवस्थेत जो काप जवनिकेत होता, तोच आकुंचनात कर्णिकेत, म्हणजे झडपेपलीकडच्या वरच्या कप्प्यात, असू शकतो. सॉफ्टवेअरला तिथे फक्त रक्ताने भरलेला गोल दिसतो आणि ते तो मोजून टाकतं.

हिशेब करून पाहा. शिथिल अवस्थेत 150 मिली, आकुंचनात 60 मिली, ईएफ 60 टक्के. कर्णिकेचा 12 चौरस सेंटीमीटरचा एक काप चुकून आत आला की 60चे 72 होतात आणि ईएफ येतो 52. हृदय तेच, फक्त एक काप जास्त. म्हणून लांब अक्षावरच्या (झडपेपासून टोकापर्यंत हृदय उभं दाखवणाऱ्या) चित्रात झडपेची पातळी पाहून शेवटचा काप माणसाने ठरवायचा असतो. नेहमीचा नियम: गोलाचा निम्म्याहून अधिक घेर स्नायूचा असेल तरच तो काप जवनिकेचा. हे अर्ध-स्वयंचलित मोजणीचं अर्धं काम आहे, ढवळाढवळ नव्हे.

"ईएफ बरोबर म्हणजे सगळं बरोबर." कंटूर सगळीकडे 1 मिमी बाहेर पडला असं धरा. शिथिल अवस्थेत त्रिज्या 25 मिमी असेल तर क्षेत्रफळ 8 टक्क्यांनी वाढतं, आकुंचनात 16 मिमी असेल तर जवळपास 13 टक्क्यांनी. 150चे 162, 60चे 68. ईएफ मात्र 58. ईएफ फारसा हलला नाही, पण हृदय मोठं झाल्याचं रिपोर्टमध्ये आलं. झडप गळत असेल तर ऑपरेशनची वेळ ठरवताना हेच आकारमान बघतात.

पॅपिलरी स्नायू (जवनिकेच्या आत उठून असलेले, झडपेला धरून ठेवणारे स्नायू) रक्तात धरायचे की स्नायूत, हेही आधी ठरवावं लागतं. दोन्ही पद्धती मान्य आहेत, पण मागचा रिपोर्ट एका पद्धतीचा आणि आताचा दुसऱ्या पद्धतीचा असेल तर तुलना करू नका.

तपासणीचा एक साधा मार्ग आहे. झडप गळत नसेल आणि हृदयाच्या डाव्या-उजव्या बाजूंमधल्या पडद्याला छिद्र नसेल तर डावी आणि उजवी जवनिका दर ठोक्याला जवळपास सारखंच रक्त बाहेर टाकतात. उजवीकडे 90 मिली आणि डावीकडे 78 आलं, तर आधी झडपेजवळचे काप दोन्ही बाजूंनी उघडून बघा. उजवी बाजू पातळ भिंतीची आणि जाळीदार असल्याने तिथेही चूक असू शकते. शंका राहिली तर महाधमनीतला प्रवाह वेगळ्या स्कॅनने मोजा आणि डाव्या बाजूचा आकडा त्याच्याशी पडताळा.