आमच्या काकांचं उलटंच होतं

‘गाण्याचं वेड लागलेला माणूस घराच्या वाट्याला कमीच येतो’ हे एका लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. आमचे काका बँकेतून आले की आधी काकूला भाजी निवडून देत, मगच तंबोऱ्याची गवसणी निघे. पुण्यात रमणबाग शाळेच्या मैदानावर शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व महोत्सव रात्रभर चालायचा तेव्हा सतरंजी, पोळीभाजीचा डबा आणि घरातली झाडून सगळी पोरं त्यांच्याबरोबर. भीमसेन जोशी शेवटी गाणार, म्हणून पहाटे आम्हाला गदागदा हलवून उठवायचे.

चुलतभावाच्या लग्नाच्या वेळी मुलीला त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘मारवा राग आवडतो का?’ ती सरळ नाही म्हणाली, तरी पसंत! एवढी सवलत आम्हाला कधी मिळाली नाही.