अदिस अबाबातला मेक्सिको चौक

इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा. तिथल्या एका गजबजलेल्या चौकाचं नाव आहे ‘मेक्सिको’. २०१५ साली शहरात हलकी रेल्वे सुरू झाली, तेव्हा इथल्या स्टेशनलाही तेच नाव मिळालं. तिथून १४,००० किलोमीटरहून जास्त दूर, मेक्सिको सिटीच्या मेट्रोत ३ नंबरच्या मार्गावर ‘एतिओपिया’ नावाचं स्टेशन आहे. त्या मेट्रोत प्रत्येक स्टेशनला नावासोबत एक चित्र असतं. या स्टेशनचं चित्र सिंहाच्या डोक्याचं आहे, कारण सिंह ही इथिओपियाच्या सम्राटांची खूण.

दोन देशांचं कसं काय चाललंय असं कुणी विचारलं की आपण आयात-निर्यातीचे आकडे काढतो, शस्त्रखरेदीचे करार मोजतो. या दोघांच्या बाबतीत त्यातून काहीच हाती लागत नाही. सीमा लागून नाही, भाषा वेगळ्या, व्यापार आजही किरकोळ. तरी गेल्या शतकातल्या सगळ्यात स्वच्छ मैत्रींमध्ये मी ही मैत्री धरतो. आणि ती सुरू झाली तेव्हा दोघांमध्ये राजनैतिक संबंधसुद्धा नव्हते!

३ ऑक्टोबर १९३५ ला इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याच्या फौजा इथिओपियात घुसल्या. इथिओपिया राष्ट्रसंघाचा (लीग ऑफ नेशन्स, आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीची जिनिव्हातली संघटना) सभासद होता, म्हणजे नियमाप्रमाणे बाकीच्या सभासदांनी त्याच्या पाठीशी उभं राहायला हवं होतं. इटलीवर निर्बंध लागले खरे, पण तेल त्यातून वगळलं आणि सुएझ कालवा इटलीच्या जहाजांना खुलाच ठेवला. ज्या दोन गोष्टींनी युद्ध थांबलं असतं, नेमक्या त्याच सोडल्या. विमानांतून विषारी वायू सोडला गेला. ५ मे १९३६ ला अदिस अबाबा पडलं. ३० जूनला सम्राट हैले सेलासी स्वतः जिनिव्हाला जाऊन राष्ट्रसंघापुढे अम्हारिक भाषेत बोलले. ते उभे राहताच इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या मारून गोंधळ घातला. पुढच्या काही दिवसांतच राष्ट्रसंघाने इटलीवरचे निर्बंध उठवून टाकले.

इथे ‘मान्यता’ या शब्दावर थोडं थांबतो, कारण सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे. एखादा देश गिळणं हे सैन्याचं काम, पण तो कायमचा पचवायला इतरांची सही लागते. आणि ती सही फार साध्या कागदावर होते. नवा राजदूत परिचयपत्र घेऊन जातो, त्यावर यजमान राजाची पदवी लिहिलेली असते. १९३८ मध्ये फ्रान्सच्या नव्या राजदूताने रोममध्ये दिलेल्या पत्रावर ‘इटलीचा राजा आणि इथिओपियाचा सम्राट’ असं होतं. एवढ्या एका ओळीत एक देश नकाशावरून पुसला गेला. ब्रिटननेही त्याच वर्षी हा कब्जा मान्य केला.

मेक्सिकोने ही ओळ कधीच लिहिली नाही. अध्यक्ष लासारो कार्देनास यांचं सरकार होतं. १९३७ पासून जिनिव्हात त्यांचे प्रतिनिधी होते इसिद्रो फाबेला. एकटा मेक्सिकोच विरोधात होता असं काही ठिकाणी वाचायला मिळतं, ते बरोबर नाही. अमेरिका आणि सोव्हिएत रशियानेही मान्यता दिली नव्हती. पण ती बडी राष्ट्रं. मेक्सिको राष्ट्रसंघात आलाच मुळी १९३१ मध्ये, १९१९ ला संघ घडत होता तेव्हा त्याला बोलावलंही नव्हतं.

त्यांना याचं एवढं का लागलं? माझ्या मते उत्तर त्यांच्याच इतिहासात आहे. १८४८ मध्ये अमेरिकेने त्यांचा निम्म्याहून जास्त भूभाग घेतला. १८६० च्या दशकात फ्रान्सने फौजा उतरवून माक्सिमिलियान नावाचा परका सम्राट त्यांच्या डोक्यावर बसवला. १९१४ मध्ये अमेरिकेचं सैन्य वेराक्रूस बंदरात उतरलं. हे सगळं सोसलेल्या देशाला इथिओपिया लांबचा वाटला नसणार.

‘पण त्या निषेधाने झालं काय?’ हा प्रश्न मला हमखास ऐकायला मिळतो. रणांगणावर काहीच झालं नाही, हे खरंच आहे. इथिओपियाची माणसं मरायची ती मेलीच. पण ५ मे १९४१ ला, बरोबर पाच वर्षांनी, सम्राट आपल्या राजधानीत परतले, तेव्हा मेक्सिकोला एकही कागद मागे घ्यावा लागला नाही. ज्यांनी तो कब्जा कायदेशीर मानला होता, त्यांच्या दप्तरात ती ओळ आजही आहे.

एक गोष्ट मात्र लपवणार नाही. १८ मार्च १९३८ ला कार्देनास यांनी तेल उद्योगाचं राष्ट्रीयीकरण केलं. ब्रिटिश आणि अमेरिकन कंपन्यांनी बहिष्कार टाकला, तेव्हा मेक्सिकोने तेल विकलं जर्मनीला आणि इटलीलाही. आणि राष्ट्रीयीकरणाच्या दुसऱ्याच दिवशी, १९ मार्चला, हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्याचा निषेध जिनिव्हात नोंदवला तोही याच मेक्सिकोने. हे वाचून मला त्रास झाला, अजूनही होतो. मुसोलिनीला तेल विकणं मी योग्य ठरवू शकत नाही. पण गरज एवढी गळ्याशी आलेली असतानाही मेक्सिकोने इथिओपियावरचा इटलीचा हक्क सौद्यात घातला नाही, याची नोंद त्या तेलाच्या नोंदीशेजारीच करायला हवी असं मला मनापासून वाटतं.

रीतसर राजनैतिक संबंध जुळले १९४९ मध्ये. १९५४ मध्ये हैले सेलासी मेक्सिकोला जाऊन आले. २०१० मध्ये मेक्सिकोने आपल्या प्राचीन ओल्मेक संस्कृतीच्या काळातल्या प्रचंड दगडी मस्तकाची प्रतिकृती अदिस अबाबाला भेट दिली.

व्हिएन्नातही डॅन्यूबच्या काठावर एक ‘मेक्सिको प्लाट्झ’ आहे. १९३८ च्या त्या निषेधाची आठवण म्हणून १९५६ मध्ये चौकाला हे नाव दिलं. एका देशाने दुसऱ्याचे उपकार चौकाच्या नावात जपले, अशी आणखी ठिकाणं तुम्हाला माहीत असतील तर जरूर सांगा. मला ती एकेक करून वाचायची आहेत.